बेल्जियमचं मंत्रिमंडळ कसं वाचायचं

बेल्जियमच्या सरकारची बातमी वाचायला घेतली की आधी पक्षांची नावं पाठ करत बसू नका, आधी भाषा बघा. तिथे देशभर चालणारा मोठा पक्ष जवळपास नाहीच, डच बोलणाऱ्यांचे वेगळे आणि फ्रेंचवाल्यांचे वेगळे, त्यामुळे सोशलिस्टसुद्धा दोन!

मग मंत्री मोजा. घटनेप्रमाणे जास्तीत जास्त 15, त्यात डच आणि फ्रेंच भाषिक सारखेच हवेत, पंतप्रधान फक्त या हिशोबाबाहेर राहू शकतो. राज्य सचिव (म्हणजे मंत्र्याच्या हाताखालचे कनिष्ठ मंत्री) यात धरत नाहीत, तिथे मग अॅडजस्टमेंट करता येते (हे आपल्याकडच्यांना लगेच कळेल).

नंतर उपपंतप्रधान शोधा. साधारण प्रत्येक पक्षाचा एक असतो आणि हे लोक पंतप्रधानासोबत छोट्या गटात बसून खरे निर्णय घेतात, बाकी खात्यांची यादी नंतर वाचली तरी चालेल.

आता धोरणं. जून 2024 ला निवडणूक झाली आणि बार्ट द वेव्हर यांचं पाच पक्षांचं सरकार आलं फेब्रुवारी 2025 मध्ये, मधले महिने या पक्षांमधला युतीचा करार लिहिण्यातच गेले, आणि 2010-11 ला तर 541 दिवस लागले होते म्हणजे हे तसं लवकरच म्हणायचं. तो करारच वाचा, भाषणं सोडा. बेरोजगार भत्त्याला दोन वर्षांची मर्यादा, पेन्शनमधले बदल, सगळं त्यात आहे. शाळांबद्दल मात्र त्यात शोधू नका, शिक्षण भाषिक समुदायांच्या सरकारांकडे असतं.