जुन्या जीपचा मागचा ॲक्सल आणि त्याचा रेशो कसा ओळखायचा

आरसी बुकात इंजिन नंबर असतो, चेसिस नंबर असतो. ॲक्सलचा रेशो नसतो. वऱ्हाडात आजही शेतावर चालणाऱ्या विलीस आणि महिंद्रा जीपखाली इतक्या वर्षांत कोणत्या भंगारातला ॲक्सल येऊन बसला असेल, हे नुसतं पाहून सांगता येत नाही. विकणारा ‘ओरिजनल’ म्हणतो तेव्हा तो खोटंच बोलतो असं नाही, त्यालाही माहीत नसतं. म्हणून क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधला मोठ्या आणि लहान दातेरी चाकाचा जोड) मागवण्याआधी रेशो स्वतः मोजावा. (आपल्याकडे धुरा म्हटलं की वावराचा बांध डोळ्यांपुढे येतो, म्हणून इथे ॲक्सलच म्हणू.)

रेशो म्हणजे क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात. युद्धकाळातल्या विलीस एमबीत 39 आणि 8, म्हणजे 4.88. उंच बॉनेटच्या सीजे-3बीत 43 आणि 8, म्हणजे 5.38. याच घराण्यात 47 आणि 11 चा, 4.27 चा जोडही सापडतो. आकडा मोठा तितकी ओढ जास्त आणि त्याच वेगाला इंजिन जास्त फिरणार. चाकाचा घेर 2.2 मीटर धरला, तर ताशी 60 किलोमीटरला टॉप गिअरमध्ये 5.38 वर इंजिन साधारण 2,440 फेरे घेतं आणि 4.88 वर 2,215.

आधी बाहेरून पाहा. एमबीच्या मागच्या हबवर सहा बोल्टची फ्लँज असते, मधोमध मोठा नट दिसत नाही. सीजे-3बीच्या हबवर मधोमध कॅसल नट आणि त्यात स्प्लिट पिन असते, कारण तिथे ॲक्सलमधल्या शाफ्टचं टोक निमुळतं असून हब चावीवर (लोखंडी पाचरीवर) बसलेला असतो. डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याच्या) मागच्या झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी असेल तर ती तारेच्या ब्रशने घासून वाचा. दातांचे आकडे सापडले तरी भरवसा मात्र मोजणीवरच ठेवा. आतला जोड बदलतो, पट्टी तीच राहते.

मोजायला जागा सपाट आणि कडक हवी. खळ्याची टणक जमीन किंवा सिमेंटचा ओटा चालेल. पावसाळ्यात काळ्या मातीत जॅक बघता बघता रुततो, म्हणून खाली सागाची जाड फळी घाला. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, मागच्या जमिनीवर राहणाऱ्या चाकालाही लावा. यात कसर नको, आणि कारण समजून घ्या: या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर लागतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते. मोजताना तर तो सोडावाच लागतो, नाहीतर शाफ्ट फिरणारच नाही.

आता मागचं एकच चाक उचला, ॲक्सलखाली घोडी (लोखंडी टेकू) लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका. मेन गिअर न्यूट्रलला, ट्रान्सफर केसही न्यूट्रलला. टायरवर खडूची रेघ मारा. प्रोपेलर शाफ्टवर पिनियनजवळ दुसरी रेघ मारा आणि तिच्यासमोर येईल अशी एक तार चेसिसला बांधा. चाक थोडं पुढे फिरवून लॅश (दातांमधली ढिलाई) काढून घ्या, शाफ्ट हलू लागला की दोन्ही रेघा त्या जागी नव्याने मारा. मग चाक त्याच दिशेने बरोबर 20 फेरे फिरवा. एकाने चाक मोजावं, दुसऱ्याने शाफ्ट. मध्ये उलट फिरवलं तर सुरुवातीपासून मोजा.

एक चाक जमिनीवर घट्ट असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक. तेव्हा 20 फेऱ्यांत क्राऊन 10 वेळा फिरतो, आणि शाफ्टच्या फेऱ्यांना 10 ने भागलं की रेशो मिळतो. पावणेचोपन्न आले तर 5.38, पावणेएकोणपन्नास आले तर 4.88, पावणेत्रेचाळीसच्या आसपास आले तर 4.27. दोनच फेऱ्यांवर मोजलं तर 5.38 आणि 4.88 मध्ये फक्त अर्ध्या फेऱ्याचा फरक राहतो आणि झिजलेल्या गाडीत तो लॅशमध्येच हरवतो. उत्तर 2.69 आलं, तर 10 ऐवजी 20 ने भागलं गेलं आहे.

हँडब्रेक सुटलेला, गिअर न्यूट्रलला, ब्रेकचे शूज मोकळे, तरी वरचं चाक हलत नसेल, तर आतल्या स्पायडरना (डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरना) कुणीतरी वेल्डिंग मारलेलं असण्याची शक्यता आहे. मग दोन्ही चाकं उचला. तिथे चाकाचा एक फेरा म्हणजे क्राऊनचाही एकच.

जुन्या ॲम्बेसेडरलाही हीच रीत. बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्याच्या ॲक्सलमध्ये 39-8 चा जोड पावणेएकोणपन्नास देतो, 41-9 चा साडेपंचेचाळीस. त्याला मागून बोल्टचं झाकण नसतं. डिफरन्शियल पुढून निघतं आणि त्याआधी दोन्ही हाफ शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) ओढावे लागतात. नुसत्या रेशोसाठी ते उघडण्यात अर्थ नाही.

जीपचं झाकण मात्र 10 बोल्टचं आहे, सहज उघडतं. आधी ऑइल भरायचा प्लग सुटतो का ते बघा. तो गंजून अडकला असेल आणि खालून ऑइल काढून बसलात, तर गाडी तिथेच राहील. ऑइल दुधाळ दिसलं, तर नाल्याचं पाणी आत गेलंय. क्राऊनच्या कडेवर दातांचे आकडे ठोकलेले असतात, शेजारी जोडीचा नंबर असतो. तोच पिनियनच्या डोक्यावर हवा. वेगवेगळ्या जोडीचे क्राऊन-पिनियन एकत्र बसवले तर रडतात आणि लवकर खातात. परत भरताना 90 नंबरचं गिअर ऑइल भोकाच्या पातळीपर्यंत भरा, सव्वा लिटरच्या आसपास बसतं.

मागचा रेशो कळला की पुढचाही याच पद्धतीने मोजा. फ्री-व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवणारे) असतील तर ते आधी लॉक करा. पुढे 5.38 आणि मागे 4.88 असेल, तर कापसाच्या ओल्या वावरात फोर-व्हील लावून काही जाणवत नाही, टायर चिखलात घसरून फरक मुरवतात. डांबरावर आलं की ताण सुटायला जागा नसते: फोर-व्हीलची लिव्हर अडकते, टायर घासतात, शेवटी क्रॉस (शाफ्टचा सांधा) तुटतो. लिव्हर अडकली तर ठोकू नका, गाडी दोन-चार मीटर मागे घ्या, सुटेल. दोन्ही रेशो सारखे होईपर्यंत पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवा.