जुनी सुबारू घेतलीत? मग निदान या चुका टाळा

थंडी तोंडावर आली की मला दोन-चार फोन ठरलेले. "काका, एक जुनी सुबारू आउटबॅक मिळतेय, चार हजार डॉलर. घेऊ का?" घ्या की! माझी स्वतःची २००३ची आहे. अडीच लिटरचं इंजिन, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दोन लाख मैल कधीच उलटले. मॅसॅच्युसेट्सच्या बर्फात रोज हीच गाडी घेऊन ऑफिसला जातो. पण त्यानंतर सहा महिन्यांनी "काका, गाडी वळताना अडखळतेय" असा जो दुसरा फोन येतो ना, त्याचा मला आता खरंच कंटाळा आलाय.

त्या फोनवर मी पहिला प्रश्न विचारतो, "टायर किती बदललेस?" उत्तर ठरलेलं असतं: "एकच. बाकीचे चांगले होते."

अरे बाबा, या गाडीची चारही चाकं कायम एकमेकांशी बांधलेली असतात. नव्या टायरची नक्षी साधारण १०/३२ इंच खोल असते. तुमचे 'चांगले' टायर झिजून ५/३२ वर आलेले असतात. फरक जेमतेम चार मिलिमीटरचा, पण घेराचा हिशेब केलात तर तो जवळजवळ एक इंच भरतो. सुबारूची मर्यादा आहे पाव इंच. म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा एक चाक बाकीच्यांपेक्षा वेगळ्या गतीने फिरत राहतं, आणि तो फरक गिअरबॉक्सच्या शेपटीतला क्लच दिवसभर घासून घासून भरून काढतो. एका ओळखीच्या गृहस्थांनी असाच एक टायर बदलून तीनशे डॉलर वाचवले. पुढच्या हिवाळ्यात पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू निघाले, की कोणीतरी मागून ब्रेक दाबल्यासारखी गाडी धक्के देऊ लागली. गिअरबॉक्सचं ऑइल तीनदा बदलून पाहिलं. कधीकधी तेवढ्यावर भागतं, त्यांचं नाही भागलं. गिअरबॉक्स खाली उतरवावा लागला. खर्चाचा आकडा त्यांनी अजून घरी सांगितलेला नाही.

माझी पद्धत अगदी गावठी आहे. चारही टायरमध्ये हवा सारखी भरायची, एकेक चाक जॅकवर उचलायचं, नक्षीच्या मधोमध सुतळी गुंडाळायची आणि जुळेल तिथे गाठ मारायची. तीच सुतळी बाकीच्या तीन चाकांना लावून बघायची. गाठ पाव इंचापेक्षा जास्त सरकली की चारही टायर नवे. फारच जीवावर येत असेल तर नवा टायर तासून जुन्यांच्या मापाचा करून देणारी दुकानंही आहेत. आणि छोटं स्पेअर चाक लावून घरी यायची वेळ आली, तर त्या काळच्या साध्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये बॉनेटखाली 'एफडब्ल्यूडी' लिहिलेली फ्यूजची रिकामी जागा असते. तिथे १५ अँपियरचा फ्यूज खोचला की मागच्या चाकांची ताकद बंद होते. चाक बदलल्यावर तो काढायला विसरू नका. डॅशबोर्डवर दिवा लागलेला असतो, तरी लोक विसरतात.

दुसरी चूक आमच्या घरातलीच. भाच्याने व्हिडिओ बघून घरच्या घरी ऑइल बदललं आणि ऐटीत सांगत आला, "मामा, झालं! वीस मिनिटांत!" वीस मिनिटं म्हटल्यावरच माझ्या पोटात गोळा आला. ट्रेमध्ये बघतो तर लालसर ऑइल. इंजिनचं जुनं ऑइल कधी लाल असतं का? इंजिनचा आणि गिअरबॉक्सच्या पॅनचा, दोन्ही प्लग एकाच सतरा नंबरच्या पान्याने उघडतात. याने गिअरबॉक्स रिकामा केला होता आणि आधीच भरलेल्या इंजिनात आणखी चार क्वार्ट (जवळजवळ चार लिटर) ऑइल ओतलं होतं. गाडी रिव्हर्समध्ये हलेना, तेव्हा साहेबांना शंका आली. ड्राइव्हवेतच थांबला म्हणून वाचलो. सगळं काढून पुन्हा भरण्यात रविवार गेला, जेवण संध्याकाळी पाचला.

तेव्हापासून मी इंजिनच्या प्लगवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवलाय. शिवाय नवं ऑइल ओतण्याआधी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी, काढून बघायची. ती अजून 'फुल' दाखवत असेल तर हातातली बाटली खाली ठेवायची.

बाकीच्या चुका थोडक्यात.

टायमिंग बेल्टची, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह तालात ठेवणाऱ्या पट्ट्याची, मुदत १ लाख ५ हजार मैल किंवा १०५ महिने, यातलं जे आधी येईल ते. मैल कमी झालेत म्हणून वीस वर्षांचा पट्टा तसाच ठेवू नका. तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. पट्ट्याबरोबर वॉटर पंप आणि पुलीही बदला, त्यासाठी पुन्हा तेवढंच उघडावं लागतं.

इंजिन तापू लागलं तर "पुढच्या एक्झिटपर्यंत जाऊ" हा विचार सोडा आणि बाजूला घ्या. या इंजिनांचं हेड गॅस्केट (इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधली सील) आधीच नाजूक. गळती थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दल माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडच मागवा. दोन चाकं उचलून नेऊ देऊ नका.

रस्त्यावरचं मीठ गाडी खालून खातं. हिवाळ्यात मी दर पंधरवड्याला खालून धुऊन घेतो.

आणि फोर व्हीलमुळे गाडी बर्फातून निघते, पण ब्रेक मारल्यावर लवकर थांबत नाही. थांबायला विंटर टायर लागतात.

अजून घेतलीच नसेल, तर विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गळती आणि खडखड गार इंजिनातच कळते. मी गेल्या गेल्या हात मिळवायच्या आधी बॉनेटवर तळवा टेकवतो. कोमट लागलं की "बायकोला विचारून सांगतो" म्हणायचं आणि निघायचं.