स्विमिंग पूलमध्ये पाणी किती? मोजताना या चुका टाळा

लोणावळा, कर्जत, अलिबाग भागात बंगल्यामागे पूल असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. पण त्यात पाणी किती, असं विचारलं की मालक म्हणतात, "असेल साठ-सत्तर हजार लिटर." क्लोरीन आणि ॲसिडचा डोस याच आकड्यावर ठरतो. तिथे "असेल" चालत नाही.

सगळ्यात महागात पडते ती खोलीची चूक. लोणावळ्याजवळचा एक पूल, ३० फूट बाय १५. केअरटेकरने सगळ्यात खोल टोकाचे साडेपाच फूट धरून गुणाकार केला आणि ७०,००० लिटर लिहून ठेवले. त्याच हिशोबाने कित्येक महिने ॲसिड पडत होतं. मला बोलावलं तेव्हा टाइल्सच्या फटींतलं ग्राउट खाल्लं गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या कडांनी मुलांचे तळवे कापत होते.

मी आत उतरून काठी लावली. साडेपाच फूट हे काठापर्यंतचं माप. पाणी त्याच्या अर्धा फूट खाली. उथळ भाग १६ फूट लांब, पाणी अडीच फूट. मग ६ फुटांचा उतार, सरासरी पावणेचार. शेवटचे ८ फूट पाच फूट खोल. तिन्ही तुकडे वेगळे काढून बेरीज केली: १५३७.५ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणजे जेमतेम साडेत्रेचाळीस हजार!

"उथळ अधिक खोल, भागिले दोन" हा शॉर्टकट तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा उतार असेल तरच खरा. इथे त्यानेही चार हजार लिटर जास्त दाखवले असते. दहा मिनिटं वाचवायला लोक हे का करतात, मला खरंच कळत नाही.

गोल पूलला त्रिज्येऐवजी व्यास धरलात तर उत्तर चौपट येतं.

बाहेरून आलेल्या टबच्या माहितीपत्रकात गॅलन असतात. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा. आधी देश बघा.

जकुझीला तर टेप लावूच नका. आतल्या बैठका आणि वळणं कुठल्याच सूत्रात बसत नाहीत. पाइपवर वॉटर मीटर बसवा. मीटर नसेल तर २० लिटरची बादली भरायला लागणारा वेळ घड्याळावर बघा, आणि टब अर्धा भरल्यावर पुन्हा बघा, कारण गच्चीवरची टाकी उतरते तशी धार मंदावते. टब भरायला लागलेल्या एकूण वेळेवरून मग लिटर काढा. टँकरवाल्याने तोंडी सांगितलेले लिटर मी कधीच धरत नाही.

आकडा मिळाला की पंपरूमच्या दाराच्या आतून ऑइल पेंटने लिहा, आणि पाणी कितव्या टाइलपर्यंत होतं तेही.