रेफरन्स म्हणून कुणाचं नाव द्यायचं?

चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत मी एचआर बघते. उमेदवारांनी दिलेल्या रेफरन्सना, म्हणजे त्यांच्या कामाबद्दल सांगू शकणाऱ्या माणसांना, फोन करणं हा माझ्या कामाचाच भाग. डिप्लोमा, बीई झालेली किती चांगली मुलं इथे कमी पडतात ते पाहते आणि जीव तुटतो, म्हणून हे लिहितेय.

प्लँट हेडने तुमचं काम स्वतः पाहिलं नसेल, तर त्यांचं नाव देऊ नका. "हो, होता आमच्याकडे, चांगला मुलगा आहे," यापलीकडे ते बिचारे काय सांगणार? शिफ्ट इन्चार्ज मात्र सांगतो, "रिजेक्शन वाढलं होतं, तेव्हा फिक्स्चर झिजलंय हे त्यानेच शोधलं." हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवून घेते. पद लहान असू दे, तुम्ही ज्याला रिपोर्ट करत होता तोच माणूस हवा. मामा, काका, आडनाव वेगळं असलेले मेहुणे, कुणीच नकोत.

नाव लिहिण्याआधी फोन करा आणि सरळ विचारा, "सर, माझ्या कामाबद्दल तुम्ही मोकळेपणाने चांगलं सांगू शकाल का?" समोरचा जरा जरी अडखळला, तरी आभार माना आणि दुसरं नाव शोधा. होकार मिळाला की व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं पाठवून ठेवा:

"नमस्कार सर. अमुक कंपनीत क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी माझी निवड शेवटच्या टप्प्यात आहे. या आठवड्यात त्यांच्या एचआरचा किंवा व्हेरिफिकेशन एजन्सीचा फोन येईल. मी जून 2021 ते ऑगस्ट 2024 तुमच्याकडे होतो. कस्टमर कम्प्लेंट आणि सप्लायर ऑडिटचं काम बघत होतो. सोबत सीव्ही जोडलाय."

कंपनीचं नाव कळवणं फार गरजेचं आहे. अनोळखी नंबर हल्ली कुणी उचलत नाही, आणि माझा फोन लागला नाही की तुमची फाइल तशीच पडून राहते. तारखाही लिहाच. साहेबांना त्या आठवत नाहीत, ते अंदाजाने सांगतात. आमच्याकडे मात्र रिलीव्हिंग लेटर असतं, पीएफची सर्व्हिस हिस्टरी, म्हणजे कुठे कधीपासून कधीपर्यंत होता याची नोंद असते. तिन्हीकडे वेगळं दिसलं की खुलासा तुम्हालाच करावा लागतो.

फोनवर आम्ही पद, काळ, सोडण्याचं कारण, नोटीस पूर्ण केली का, हे विचारतो. शेवटी एक प्रश्न असतो: "पुन्हा संधी आली तर याला घ्याल का?" इथे उत्तर किती चटकन येतं, याकडे माझं लक्ष असतं. म्हणूनच नोकरी सोडताना हँडओव्हर नीट द्या, नोटीस अर्धवट टाकू नका.

सध्याच्या साहेबांचं नाव ऑफर लेटर हातात येईपर्यंत देऊ नका. "राजीनाम्यानंतर संपर्क करावा," असं फॉर्मवर स्पष्ट लिहा. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. जुन्या साहेबांशी खटका उडाला असेल तर दुसऱ्या विभागातले, तुमच्याबरोबर काम केलेले सीनियर चालतील. फक्त ते आम्हाला आधी सांगा. कंपनीच बंद पडली असेल तर साहेब आता जिथे आहेत तिथला ऑफिसचा ईमेल घ्या. नुसत्या जीमेलवर बऱ्याच एजन्सी अडून बसतात.

फ्रेशर असाल तर प्रोजेक्ट गाइड आणि अप्रेंटिसशिपमधले सुपरवायझर. एचओडींनी तुम्हाला शिकवलं नसेल तर त्यांना कशाला त्रास?

सरकारी नोकरीच्या अटेस्टेशन फॉर्मचा प्रकार वेगळा. तिथे तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्ती विचारतात, ते चारित्र्याच्या पडताळणीसाठी. गावातले शिक्षक, डॉक्टर तिथे योग्य.

मित्राला मॅनेजर म्हणून उभं करायचा विचार मनातही आणू नका. आम्ही कंपनीच्या बोर्ड नंबरवर, म्हणजे ऑफिसच्या मुख्य नंबरवर, फोन करून त्या नावाचा माणूस आहे का ते विचारतो. रुजू झाल्यानंतर जरी हे उघड झालं, तरी नोकरी जाते.

आणि सीव्हीवर कुणाचे नंबर छापू नका. तो सीव्ही जॉब पोर्टलवरून कुठे कुठे जातो, आणि तुमच्या सरांना नको त्या लोकांचे फोन येत राहतात. मागितल्यावर द्या. निकाल लागला की, नोकरी मिळो न मिळो, त्याच दिवशी सरांना फोन करून कळवा.