चॅट म्हणजे वही नव्हे: एकट्याने धंदा करताना फोनमधला पसारा कसा आवरायचा

बिबडे (ज्वारीचे खान्देशी पापड), पापड, काळा मसाला घरी करून विकणाऱ्याचं दुकान म्हणजे त्याचा फोन. निम्म्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, काही बोलता बोलता, काही भाच्याच्या निरोपातून. करणारा, तोलणारा, पार्सल बांधणारा आणि उधारी मागणारा माणूस एकच, त्यामुळे आठवण करून द्यायला दुसरं कोणी नसतं.

चॅटवर भरवसा ठेवला की घोळ होतो, कारण नवा निरोप आला की जुना खाली सरकतो. सकाळी दोन किलो बिबडे सांगणारी ताई दुपारपर्यंत लग्नपत्रिका आणि ‘शुभ सकाळ’च्या फुलांखाली गाडली जाते. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधली लेबलं कामाची आहेत, पण लेबल चॅटला किंवा एखाद्या निरोपाला लागतं, ऑर्डरला लागत नाही. एकाच गिऱ्हाइकाच्या तीन ऑर्डरी, त्यातली एक पोचलेली, एक उधार, एक करायची. मग लेबल कोणतं लावणार?

म्हणून गूगल शीट उघडा आणि एका ऑर्डरला एक ओळ द्या. रकाने नऊ पुरतात: ऑर्डर नंबर, तारीख, नाव-गाव, पिनकोड, माल, किलो, रक्कम, जमा, आणि शेवटी ‘पुढचं काम कधी’. या शेवटच्या रकान्यात तारीख आधी, मग क्रियापद: ‘०४-०८ पार्सल बांधून कुरियरला देणे’ (म्हणजे ८ एप्रिल). नुसतं ‘पार्सल’ लिहिलं तर चार दिवसांनी ते बांधायचं होतं की पोचलं का विचारायचं होतं, कळत नाही. रोज सकाळी हा रकाना क्रमाने लावून घेतला की दिवसाची कामं वर येतात. कामांची वेगळी यादी ठेवू नका. दोन याद्या आठवडाभरही जुळत नाहीत.

शीट काही खोड्या करते. ऑर्डर नंबर ‘४-१२’ असा इंग्रजी अंकांत टाकला तर ती त्याची तारीख करून टाकते, म्हणून त्या रकान्याला आधी ‘प्लेन टेक्स्ट’ करा. शेवटच्या रकान्यात दिवस आधी लिहिला तर महिना बदलला की क्रम बिघडतो, म्हणून महिनाच आधी: ‘०४-०८’. रकमेत ‘५०० रु.’ लिहिलं तर ती बेरजेत धरली जात नाही; फक्त आकडा लिहा.

फोनमधली नावं हा खान्देशात वेगळाच ताप. ‘पाटील’ शोधा, गावभर पाटील निघतात. मग चौधरी, महाजन. नाव, गाव आणि ओळख या क्रमाने, देवनागरीतच साठवा: ‘चौधरी यावल शाळा’. इंग्रजीत चौधरीची तीन स्पेलिंगं होतात आणि शोधताना दोन हुकतात.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे आले असं नव्हे. बँकेच्या नोंदीत यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर दिसला की मगच ‘जमा’ भरा, आणि शेवटचे चार अंक शेजारी लिहा. महिन्याअखेर ताळा करताना हेच चार अंक कामी येतात.

फायलींसाठी आर्थिक वर्षाचं एक फोल्डर, त्यात विक्री, खरेदी, बँक आणि परवाने. फाईलचं नाव वर्षापासून सुरू करा, ‘२०२५-०६-१४ बिल ००४३’, म्हणजे क्रम आपोआप लागतो. जीएसटी असेल तर बिल नंबर १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि त्या वर्षात पुन्हा येऊ शकत नाही. गूगलची फुकट जागा १५ जीबी. मेल, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप सगळं त्यातच. ती भरली की मेल येणं बंद होतं, म्हणून आधी व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ काढा.

शीटचा खरा कस लागतो आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी. लेकी माहेरी येतात, त्यांच्यासोबत द्यायला बिबडे लागतात आणि सगळ्यांना एकाच आठवड्यात हवे असतात. समजा दिवसाला ५ किलो वाळतात आणि करायच्या बिबड्यांच्या किलोंची बेरीज ६० झाली, तर १२ कडक उन्हाचे दिवस लागतील. ढग किंवा वळवाचे २ धरा. आखाजीला १४ दिवस उरलेले असताना बेरीज ६० वर गेली, की पुढची ऑर्डर ‘आखाजीनंतर’ म्हणूनच लिहायची, आणि हे गिऱ्हाइकाला त्याच फोनवर सांगायचं.