सापसुरळी ओळखताना या चुका टाळा

पाऊस उघडून चार दिवस ऊन पडलं की माझ्या फोनवर सापसुरळ्यांचे फोटो यायला लागतात. वाटेवर ऊन खात बसलेली सापसुरळी, उभ्यानेच, पाठीवरून टिपलेली. खाली एकच ओळ: "सर, कुठली जात?" अर्ध्या तासात उत्तर गेलं नाही तर तोच फोटो कुठे तरी चढवलेला दिसतो, तोही नावासकट. ते नाव बऱ्याचदा चुकलेलं असतं, आणि चुकाही दरवर्षी त्याच असतात.

मला याचा त्रास होतो, कारण या प्राण्यांकडे आधीच कोणी धड पाहत नाही. साप म्हटलं की गर्दी जमते, बेडकांनाही आता चाहते मिळाले आहेत. सापसुरळी मात्र 'सापाची मावशी' म्हणून एक तर झोडपली जाते, नाही तर दुर्लक्षित राहते. जगात या कुळाच्या सतराशेहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात तर अख्खे वंशच्या वंश (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट) असे आहेत, जे पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. ही विविधता आपल्या पायाखालच्या पाचोळ्यात आहे. निदान नाव तरी नीट लावावं.

रंग आणि आकार पाहून नाव देणं

सर्वांत जुनी आणि सर्वांत हट्टी चूक हीच. आपल्याकडे जंगलाच्या कडेला, वाटेवर, बांधावर दिसणाऱ्या बहुतेक सापसुरळ्या युट्रॉपिस वंशाच्या. त्यातल्या दोन फार सर्रास दिसतात: मोठी, जाडजूड कॅरिनाटा आणि लहान, पितळी रंगाची मॅक्युलॅरिया. नवशिक्या माणसाच्या डोक्यात हिशोब पक्का असतो: मोठी ती कॅरिनाटा, छोटी ती मॅक्युलॅरिया, आणि कुशी लाल-केशरी असल्या तर शंभर टक्के मॅक्युलॅरियाचा नर.

पण कॅरिनाटाही कधी तरी लहान असतेच ना! आणि विणीच्या दिवसांत कॅरिनाटाच्या नराच्या कुशीवरही लाल-केशरी छटा चढते. ऊन, कात, वय, हंगाम, ओली माती, मोबाइलचा कॅमेरा, सगळं मिळून रंग बदलतो. मी रंग वहीत लिहितो, पण सगळ्यात शेवटी.

काही वर्षांपूर्वी सिंधुदुर्गातल्या एका जंगलात आम्ही पाच जण नोंदी घेत होतो. मुलं हुशार, चालायला तयार, पण घाईची. सकाळी ठरलेल्या वाटेने जायचं, दिसेल ती सापसुरळी वहीत टिपायची. तीन दिवस वहीत एकच नाव पडत होतं: मॅक्युलॅरिया, मॅक्युलॅरिया, मॅक्युलॅरिया. कॅरिनाटा जेमतेम दोन-तीन. मला ते खटकत होतं. त्या उघड्या, गवताळ कडेला कॅरिनाटा इतकी कमी असणं जुळत नव्हतं. पण मीही दमलेला होतो आणि विचारलं नाही. ती चूक माझी.

चौथ्या दिवशी पाण्याच्या टाकीत एक मेलेली सापसुरळी सापडली. वितीहून कमी लांबीची, पितळी पाठीची. मुलांनी नाव आधीच लिहून टाकलं होतं. मी ती पांढऱ्या रुमालावर ठेवली आणि भिंग लावलं. ओली पाठ उन्हात काचेसारखी चमकत होती. प्रत्येक खवल्यावर उभ्या बारीक धारा असतात, त्या मोजायच्या. पहिल्या खवल्यावर तीन, शेजारच्यावर तीन, पुढच्यावरही तीनच, ठळक, नांगरटीसारख्या. पाठीच्या दोन्ही बाजूंनी डोक्यापासून मागे जाणारी फिकट पिवळसर रेघ. ते कॅरिनाटाचं पिल्लू होतं. कॅरिना म्हणजे नावेच्या तळाचा कणा. नावातच सांगून ठेवलं आहे की धारा बघा, आणि तीन दिवस आम्ही रंग बघत बसलो होतो.

त्या तीन दिवसांच्या सगळ्या लहान सापसुरळ्यांच्या नोंदींवर मी रेघ मारली आणि समोर लिहिलं: 'युट्रॉपिस, जात नक्की नाही.' एका मुलाचा चेहरा पडला. "सर, एवढी मेहनत वाया गेली." वाया गेली नव्हती. वंश बरोबर होता, जागा बरोबर होती, वेळ बरोबर होती. फक्त आम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट आम्ही ठाऊक असल्यासारखी लिहिली होती, तेवढी काढून टाकली.

धारा मोजल्या म्हणजे झालं असंही नाही. कॅरिनाटाला बहुतेक वेळा तीन असतात, पण कधी पाच, कधी सातही. मॅक्युलॅरियाला पाच किंवा त्याहून जास्त. म्हणजे या दोघींपुरतं तीन दिसल्या तर निश्चिंत, पाच दिसल्या तर पुन्हा कोडं. तिथे अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या किती रांगा आहेत, डोक्यावरच्या ढालींची, म्हणजे मोठ्या खवल्यांची, मांडणी कशी आहे, हे बघावं लागतं, आणि ते फोटोवरून नेहमी जमत नाही. जमत नसेल तर वंशापर्यंत थांबावं. माझ्या वहीत असे थांबलेले उल्लेख पानोपानी आहेत.

शिवाय आपल्याकडे या वंशात फक्त दोनच जाती नाहीत. आलापल्लीचं नाव लावणारी अल्लापल्लेन्सिस आहे. गडचिरोलीच्या त्या जंगलावरून कार्ल श्मिट यांनी १९२६ मध्ये तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे ती पश्चिम घाटातही नोंदली गेली. तिची आणि मॅक्युलॅरियाची गल्लत तर भिंग हातात असूनही होते. ट्रिव्हिटाटा, बेड्डोमी, डिसिमिलिस आहेतच. दोन नावं पाठ करून जंगलात उतरणाऱ्याला या बाकीच्या कधी दिसतच नाहीत, कारण त्यांच्यासाठी त्याच्या मनात खणच नसतो.

पापणी न बघणं

दक्षिणेकडच्या दाट जंगलात गेलात तर ही खूण सोन्याची आहे. सापसुरळीला पापणी असते, हलते, मिटते. काहींची खालची पापणी खवल्यांनी झाकलेली असते. काहींच्या पापणीत मधोमध एक पारदर्शक खिडकी असते. डोळा मिटला तरी आतलं काळं बुबुळ दिसत राहतं, जणू प्राणी झाकल्या डोळ्यानेही आपल्याकडे बघतो आहे. पाचोळ्यातली केस्टलिया आणि तिच्याच शेजारी वावरणारी स्फेनोमॉर्फस डुसुमिएरी घाईत सारख्याच दिसतात. केस्टलियाला ही खिडकी असते, डुसुमिएरीची पापणी खवल्यांची. शेपटीच्या निळ्या झाकेवर डोळे लावून बसण्यापेक्षा डोळ्याचा एक नीट फोटो घ्या.

तीच गोष्ट बोटांची. रिस्टेला वंशाच्या चार जाती फक्त पश्चिम घाटात आहेत. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच, आणि मांजरासारखी नखं आत ओढून घेता येतात. तिची सर्वांत जवळची नातेवाईक श्रीलंकेची लँकासिंकस. एवढी सुंदर खूण पायावर असताना लोक पाठीचे ठिपके मोजत बसतात.

जुन्या यादीतली नावं जशीच्या तशी उतरवणं

ही माझी दुसरी डोकेदुखी, आणि ती नवशिक्यांची नाही, चांगल्या शिकलेल्या माणसांची आहे.

एका गावच्या जैवविविधता नोंदवहीचा मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. सापसुरळ्यांच्या जाती बारा. मी खूश झालो, कारण त्या पट्ट्यात एवढ्या असणं मोठी गोष्ट होती. मग एकेक नाव वाचत गेलो. मबूया कॅरिनाटा, खाली दोन ओळींनी युट्रॉपिस कॅरिनाटा. मबूया मॅक्युलॅरिया, आणि पुढच्या पानावर युट्रॉपिस मॅक्युलॅरिया. लायगोसोमा पंक्टाटा आणि रिओपा पंक्टाटा. प्राणी तोच, नावं दोन, आकडे दोन. सगळं जुळवल्यावर बाराच्या नऊ उरल्या. यादी करणाऱ्याने दोन पुस्तकं समोर ठेवून दोन्हींतली नावं उतरवली होती. एक पुस्तक जुनं, एक नवं. फसवण्याचा हेतू मुळीच नव्हता, पण हा मसुदा तसाच पुढे गेला असता तर गावाच्या नावावर तीन खोट्या जाती कायमच्या चढल्या असत्या.

हे का होतं ते समजून घ्या. मबूया हा एकेकाळी फार मोठा वंश होता. आशिया, आफ्रिका, अमेरिका, सगळीकडच्या अशा सापसुरळ्या त्यातच कोंबलेल्या. २००२ मध्ये डीएनएच्या आधारावर तो फोडला गेला. मबूया हे नाव अमेरिकेतल्यांकडे राहिलं, आफ्रिका आणि मादागास्करकडच्या पुढे ट्रॅकिलेपिस झाल्या, केप व्हर्दे बेटांवरच्या किओनिनिया, आणि आपल्या आशियातल्या युट्रॉपिस. लायगोसोमाचंही तसंच. २०१९ मधल्या फेरमांडणीनंतर आपल्याकडच्या पंक्टाटा, अल्बोपंक्टाटा रिओपा वंशात गेल्या. केस्टलिया हा वंशही २००४ मधला. त्याआधी त्या जाती सिन्सेलात होत्या. माल्कम स्मिथ यांचा सरड्यांवरचा १९३५ चा खंड आजही माझ्या टेबलावर असतो, खुणांसाठी त्याला तोड नाही. पण त्यातलं वंशाचं नाव मी कधीच तसंच उचलत नाही.

माझी सवय साधी आहे. नाव लिहिलं की जातीचा शब्द, म्हणजे दुसरा शब्द, वेगळ्या रकान्यात लिहितो आणि तो रकाना अक्षरानुक्रमे लावतो. कॅरिनाटाखाली कॅरिनाटा आली की लगेच कळतं. संगणकाचा एखादा तयार प्रोग्रॅम हे करून देतो असं मुलं सांगतात. देत असेल. मी हाताने करतो, कारण हाताने करताना प्रत्येक नावाशी दोन क्षण थांबावं लागतं.

आणखी काही, थोडक्यात

तुटून पुन्हा आलेली शेपटी मोजू नका. ती आखूड असते, रंग निराळा असतो, आत मणके नसतात, कूर्चेची दांडी असते. लांबी नेहमी मुस्कटाच्या टोकापासून अवस्करापर्यंत, म्हणजे शेपटीच्या मुळाशी असलेल्या छिद्रापर्यंत. आणि शेपटीला धरून उचलणं तर बंदच करा. तिला वनविभागाच्या परवानगीशिवाय पकडायचंच नाही, ही पहिली गोष्ट.

लाल शेपटी दिसली की 'नवी जात' म्हणून नाचू नका. रिओपा पंक्टाटाच्या पिल्लांची शेपटी लालच असते, वयाबरोबर फिकटते.

सापसुरळी विषारी नाही. आपल्याकडची एकही नाही. हे दर पावसाळ्यात सांगावं लागतं.

पाय नसलेली प्रत्येक गोष्ट साप नसते. ओडिशातल्या चिल्का सरोवरातल्या बरकुडा बेटावरून १९१७ मध्ये अ‍ॅनन्डेल यांनी वर्णिलेली बरकुडिया इन्सुलारिस ही बिनपायांची सापसुरळीच आहे.

नजर फक्त जमिनीवर ठेवू नका. दासिया वंशाच्या सापसुरळ्या झाडावर राहतात, खोडाखोडाने वर चढतात. दक्षिण भारतातल्या काही दासियांना कितीतरी वर्षं श्रीलंकेची हॅलिआना समजलं जात होतं. २०१२ मध्ये ती वेगळी जात आहे हे दाखवून वन्यजीवशास्त्रज्ञ ए. जे. टी. जॉनसिंग यांच्या नावाने जॉनसिंघी असं नाव दिलं गेलं. 'शेजारच्या देशात आहे म्हणजे इथलीही तीच' हे गृहीत धरणं किती महागात पडतं, ते इथे दिसतं.

आणि सगळं नवल फक्त सदाहरित जंगलातच आहे असं समजून कोरड्या रानाकडे पाठ फिरवू नका. सब्डोल्युसेप्स निलगिरिएन्सिस २०२१ मध्ये वर्णिली गेली, ती कोइम्बतूरजवळच्या अनैकट्टीच्या कोरड्या पानझडी टापूतून. पुणेकरांनी आणि गोवेकरांनीही हे मनावर घ्यावं. पूनाएन्सिस १९७० ची, गोएन्सिस १९७६ ची, दोन्ही आर. सी. शर्मा यांनी वर्णिलेल्या. आपापल्या गावाचं नाव असलेली सापसुरळी तुमच्यापैकी किती जणांनी शोधायचा प्रयत्न केला आहे?

दगड उलटलात तर तो जसा होता तसाच, त्याच खळग्यात परत ठेवा. खालचा ओलावा गेला की तिथे पुन्हा कोणी येत नाही. मी दगड स्वतःकडे ओढून उचलतो, म्हणजे निघणाऱ्या जिवाला पलीकडे वाट मिळते, आणि खाली साप निघाला तरी मधे दगड असतो.

फोटो पाठवणार असाल तर चार हवेत: डोळा बाजूने, पाठ अगदी जवळून, पायाची बोटं, आणि पूर्ण प्राणी त्याच्या जागेवर. सोबत गाव, अंदाजे समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, वेळ, आणि तिथे पाचोळा होता की कातळ की झाड. उत्तराला माझ्याकडून दोन-तीन दिवस लागतील. तोवर नाव न लावता ठेवा.