मुंबईत गाडीत झोपायचंय? आधी गाडी कुठे उभी आहे ते बघा

गाडीत झोपणं हा गुन्हा नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात तसं कलमच नाही. हवालदार काचेवर टकटक करतो त्याची कारणं वेगळी असतात: गाडी नको तिथे उभी असते, आतून दारूचा वास येत असतो, नाहीतर रात्री दोन वाजता आत कोण आहे एवढंच त्याला बघायचं असतं.

म्हणून जागा आधी. फूटपाथ, बस स्टॉप, चौकाचा कोपरा, सोसायटीचं गेट, डबल पार्किंग, इथे पाच मिनिटंसुद्धा नको. नो पार्किंगला कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १,५००. रस्ता अडवला म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ लागलं तर दंड ५,००० पर्यंत जातो. टोइंगचं कलम मोटार वाहन कायद्याचं १२७. दहा तास बेवारस पडलेली गाडी उचलता येते आणि नो पार्किंगमधली तर दहा तासांची वाट न बघताही. तुम्ही आत आहात म्हणजे गाडी बेवारस नाही, हे खरं. पण नो पार्किंग ते नो पार्किंगच. २०१७ मध्ये मालाडला बाळाला घेऊन बसलेल्या बाईसकट गाडी ओढली, त्यावर गदारोळ होऊन हवालदार निलंबित झाला. त्या भरवशावर मात्र झोपू नका. क्रेन दिसली की हॉर्न द्या, उतरा, गाडी काढा.

सी लिंक, अटल सेतू आणि एक्सप्रेसवेच्या कडेला थांबायलाच बंदी आहे. एक्सप्रेसवेच्या कडेला दंडापेक्षा मागून येणारा ट्रक जास्त महाग पडतो. झोप अनावर झाली तर खालापूरच्या फूड मॉलपर्यंत दम धरा. शहरात पे अँड पार्क बरं. रात्रभर चालेल का, हे अटेंडंटला झोपण्याआधी विचारा आणि पावती डॅशबोर्डवर ठेवा. परळला टाटा किंवा केईएममध्ये पेशंट घेऊन आलेल्यांनीही तेच करावं. हॉस्पिटलच्या गेटजवळ थांबलात तर अँब्युलन्सची वाट अडते.

प्यायला असाल तर मागच्या सीटवर झोपा, चावी खिशात किंवा डिकीत, इंजिन बंद. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ गाडी चालवणाऱ्याला किंवा चालवायचा प्रयत्न करणाऱ्याला लागतं: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. स्टिअरिंगमागे, इंजिन चालू, एसी गार, अशा अवस्थेत 'मी फक्त झोपलो होतो' हे पटवणं कठीण. बाटली तर गाडीत उघडूच नका.

टकटक झाली की आतला दिवा लावा, काच खाली करा, हात दिसू द्या आणि कारण एका वाक्यात सांगा: पेशंट हॉस्पिटलमध्ये आहे, सकाळची फ्लाइट आहे, झोप येत होती. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमधली चालते. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२ रात्री संशयास्पद सापडणाऱ्यांसाठी आहे. रस्त्यावर रेंगाळल्याबद्दलचा त्यातला भाग कुख्यात चोराला, तोही समाधानकारक कारण देऊ न शकणाऱ्याला लागतो. म्हणजे सरळ उत्तर हाच तुमचा बचाव. हुज्जत घातलीत की साधी चौकशी लांबते. काचांना काळी फिल्म असेल तर तिचा दंड वेगळा. उजेड लागू नये म्हणून पडदा लावलात तर निघण्याआधी काढा.

कायद्यापेक्षा एसी जास्त घातक आहे. इंजिन चालू ठेवून बंद काचांत झोपलात आणि सायलेन्सर किंवा त्याचा पाइप फुटका असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, जागही येत नाही. बेसमेंट पार्किंगमध्ये तर इंजिन अजिबात चालू ठेवू नका. समोरासमोरच्या दोन काचा दोन बोटं उघड्या ठेवा आणि त्यावर मच्छरजाळीचा तुकडा लावा.

पावसाळ्यात मिलन किंवा अंधेरी सबवेजवळच्या सखल रस्त्यावर झोपू नका. पाण्यात सायलेन्सर बुडतो, इंजिन बंद पडतं, इलेक्ट्रिक लॉक आणि काचा दगा देतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बंद गाड्यांत अडकून माणसं दगावली. चाक निम्मं बुडायच्या आत उतरा. छोटा हातोडा सीटखाली नको, हाताशी ठेवा. वेळ आलीच तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारा. पुढची काच दुपदरी असते, ती तडकते पण वाट देत नाही.